जिंकलेल्याचं कपाट

गेल्या महिन्यात बेळगावातल्या एका वाचनालयात श्रीलंकेवर, तिथलं सरकार आणि ‘तमिळ वाघ’ ही बंडखोर संघटना यांच्यातल्या यादवीवर, व्याख्यान झालं. उत्तरेतल्या तमिळबहुल जाफना शहराच्या वेशीजवळ चेम्मणी नावाचं ठिकाण आहे. तिथल्या स्मशानात २०२५ च्या सुरुवातीला बांधकामासाठी खणताना माणसांची हाडं लागली. मग न्यायालयाच्या देखरेखीखाली खोदकाम झालं आणि काही महिन्यांत दोनशेहून अधिक सांगाडे वर आले. त्यांत लहान मुलांचेही होते. शाळेचं दप्तर निघालं, खेळणी निघाली, बांगड्या निघाल्या. वक्त्यांनी हे सगळं शांतपणे सांगितलं आणि प्रश्नोत्तरं सुरू झाली. पहिले उठले ते म्हणाले, झालं गेलं गंगेला मिळालं, युद्ध संपून सोळा वर्षं झाली, आता मढी उकरून काय मिळणार? दुसऱ्यांनी विचारलं, तमिळ वाघांनी काय कमी माणसं मारली, त्याचं का नाही बोलत? मागच्या बाकावरचा एक तरुण ताडकन उठला आणि म्हणाला, सिंहली लोकांनी तमिळांचं केलं तेच इथं मराठीचं होतंय. सभागृहाचे लगेच तीन तट पडले. अर्धा तास मोठ्या आवाजात वाद झाला आणि त्या अर्ध्या तासात चेम्मणीला कुणी कुणाला पुरलं, हे एकानेही विचारलं नाही.

म्हणून हा लेख. माझं म्हणणं आधीच सांगते. यादवी संपल्यावर अत्याचारांचा जाब विचारायलाच हवा, दोन्ही बाजूंना विचारायला हवा, पण सुरुवात जिंकलेल्या बाजूपासून व्हायला हवी. जिंकलेली बाजू जास्त पापी असते असं माझं म्हणणं नाही, पुष्कळदा ती तशी नसतेही. कारण साधं आहे. हरलेल्यांचे म्होरके बहुधा मेलेले असतात, तुरुंगात असतात किंवा परागंदा झालेले असतात. त्यांची शिक्षा रणांगणावरच झालेली असते. जिंकलेल्यांकडे मात्र हुकमांच्या नोंदी असतात, छावण्यांच्या हजेऱ्या असतात, ट्रकची लॉगबुकं असतात, शवागारांच्या वह्या असतात. कोण कुठे पुरला आहे हे माहीत असलेला माणूस अजून पेन्शन घेत असतो आणि ज्या कपाटात हे कागद आहेत त्याची किल्ली सरकारकडे असते. ‘दोन्ही बाजूंचं एकदमच बघू’ हे ऐकायला फार न्यायाचं वाटतं, पण एका बाजूकडे देण्यासारखं काही उरलेलंच नाही आणि दुसरी द्यायला तयार नाही, अशा वेळी त्या वाक्याचा अर्थ ‘कुणाचंच बघू नका’ असाच होतो.

आपल्या भाषेत या युद्धाला ‘यादवी’ म्हणतात. शब्द आपण रोज वापरतो, पण तो आला कुठून? कुरुक्षेत्रावरचं युद्ध संपल्यावर स्त्रीपर्व सुरू होतं. बायका प्रेतं धुंडाळत फिरतात, कुणाला धड सापडतं, शिर सापडत नाही. तिथे गांधारी दुर्योधनाची वकिली करत बसत नाही, आपल्या मुलाचा अधर्म तिला ठाऊक आहे. ती जिंकलेल्या बाजूच्या सगळ्यात समर्थ माणसाला, कृष्णाला विचारते: तू हे थांबवू शकत होतास, मग उपेक्षा का केलीस? आणि शाप देते की छत्तीस वर्षांनी तुझेही ज्ञातिबांधव एकमेकांना मारून मरतील. त्या शापाची फलश्रुती म्हणजे यादवी. विजेत्याला विचारलेल्या प्रश्नातूनच हा शब्द आपल्याकडे आला आहे. जे लोक ‘जिंकलेल्यांना प्रश्न विचारणं ही परदेशी खुळं आहेत’ असं म्हणतात, त्यांनी आपलंच महाभारत पुन्हा उघडून पाहावं.

आता समोरच्यांचं जे खरं आहे ते हातचं न राखता मान्य करायला हवं. तमिळ वाघांची संघटना भीषण होती. ३ ऑगस्ट १९९० ला काट्टनकुडीच्या मशिदींत नमाज पढणाऱ्या शंभरहून अधिक मुसलमानांना त्यांनी गोळ्या घातल्या. त्याच वर्षी जूनमध्ये शरण आलेल्या शेकडो पोलिसांना रांगेत उभं करून मारलं आणि ऑक्टोबरमध्ये उत्तरेतल्या सत्तर हजारांवर मुसलमानांना काही तासांच्या, फार तर दिवसांच्या मुदतीत घराबाहेर काढलं. ते तमिळच बोलत होते, पण त्यांच्या भाषेने त्यांना वाचवलं नाही. शाळकरी पोरांच्या हातात बंदुका दिल्या. १९९६ च्या जानेवारीत कोलंबोच्या मध्यवर्ती बँकेवर स्फोटकांनी भरलेला ट्रक घातला, त्यात नव्वदवर माणसं गेली. आणि २००९ च्या शेवटच्या महिन्यांत उत्तरेतल्या वन्नी प्रदेशाच्या चिंचोळ्या किनारपट्टीवर स्वतःच्याच लोकांना ढाल करून धरलं, पळणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. १९८३ पासून चाललेलं हे युद्ध कुठल्याही सरकारला थांबवावंच लागलं असतं. मे २००९ नंतर कोलंबोच्या बसमध्ये निर्धास्त बसता येणं ही लहान गोष्ट नव्हे, आणि ज्याने तो काळ भोगला नाही त्याने तिची किंमत कमी लेखू नये.

पण त्याच शेवटच्या महिन्यांत सरकारने स्वतः जाहीर केलेल्या ‘गोळीबारमुक्त’ पट्ट्यांत तोफगोळे पडले, इस्पितळांवर पडले. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने २०११ साली म्हटलं की त्या टप्प्यात चाळीस हजारांपर्यंत नागरिक मेले असू शकतात. या आकड्यावर वाद आहे, आणि तो असू द्यावा. मला विचाराल तर आकड्याचा वाद हाच तपासाच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. आठ की वीस की चाळीस हजार हे सोळा वर्षांनीही देशाला ठाऊक नसेल, तर मोजणी कुणी होऊ दिली नाही?

आणि हरवलेल्यांचं काय? सरकारच्या आयोगांकडे वीस हजारांवर कुटुंबांनी तक्रारी नोंदवल्या. त्यांत पाच हजारांच्या आसपास तक्रारी बेपत्ता सैनिकांच्या घरच्यांच्या होत्या, म्हणजे सिंहली आयांच्याही. वन्नीतल्या किलिनोच्चीत २० फेब्रुवारी २०१७ पासून आया रस्त्याकडेला फोटो घेऊन बसल्या. वर्षांमागून वर्षं गेली, त्यांतल्या कित्येक जणी वाट पाहतच वारल्या. जानेवारी २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीला सांगितलं की बेपत्ता माणसं खरं तर मेलेली आहेत. ठीक. मेलेली आहेत हे तुम्हाला माहीत आहे, तर कुठे मेली, कधी मेली, कुणाच्या ताब्यात असताना मेली हेही कुठेतरी लिहिलेलं असणार. त्या आयांना एवढंच हवं आहे.

इथे जरा थांबते, कारण ‘मढी उकरून काय मिळणार’ या प्रश्नाचं उत्तर अगदी घरगुती आहे. माणूस मेल्याचा दाखला नसेल तर त्याच्या नावावरची जमीन बायको-पोरांच्या नावावर चढत नाही. बँकेतले पैसे निघत नाहीत. पेन्शन सुरू होत नाही. मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत बापाच्या नावामागे काय छापायचं, हा प्रश्न पडतो. वर्षश्राद्ध घालावं तर आपणच त्याला मारल्यासारखं वाटतं, न घालावं तर तो उपाशी फिरतोय असं वाटतं. बाईने कपाळाला कुंकू लावायचं की नाही? आपल्या भागातली कुठलीही बाई हा प्रश्न एका वाक्यात समजेल, आणि जाफन्यातल्या बाईचा पोट्टू याहून वेगळा नाही. श्रीलंकेला २०१६ साली ‘अनुपस्थितीचा दाखला’ देणारा कायदाच करावा लागला, म्हणजे माणूस जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही, असं सरकारी शिक्क्याने लिहून देणारा कागद. तो आल्याने काहींची कामं सुटली असतील. पण पुष्कळ आयांनी तो घ्यायला नकार दिला. तो घेतला की शोध संपला, अशी त्यांना धास्ती होती.

‘सैनिकांचं मनोधैर्य खचेल’ हा आक्षेप आमच्या भागात सगळ्यात जोरात येतो, आणि तो का येतो हे मला कळतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावात आहे. खानापूर, बेळगाव, चंदगड या पट्ट्यात ज्या घरातून कुणी फौजेत गेलं नाही असं घर शोधावं लागतं. माझे मामा १९८७ साली भारताच्या शांतिसेनेतून जाफन्याला गेले होते. २९ जुलैला भारत-श्रीलंका करार झाला, फौज शांतता राखायला उतरली आणि १० ऑक्टोबरला तीच फौज लढाईत होती. ११-१२ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर शीख लाइट इन्फन्ट्रीची तीस जणांची तुकडी हेलिकॉप्टरने उतरवली, वाघ दबा धरून बसले होते. तीसपैकी एकोणतीस मेले, एक पकडला गेला. अडीच वर्षांत आपले अकराशेच्या वर जवान तिथे मारले गेले. मामा यांतलं काही बोलत नसत. आईने खोदून विचारलं की एवढंच म्हणत, ‘अक्का, आम्हाला कुठं पाठवलंय हे पाठवणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं.’

मामांच्या या वाक्याचा जाब कुणी दिला? मैदानावर कोण वाट पाहत होतं याची खबर का नव्हती, शांतिसैनिकाला दहा आठवड्यांत युद्धात लोटण्याचा निर्णय कुणाचा, याचा जाहीर हिशेब देशापुढे आला नाही. १९९० च्या मार्चमध्ये शेवटची तुकडी परतली आणि विषय मिटला. सैनिकाला प्रश्नांपासून वाचवायचं म्हणून जी मिठाची गुळणी धरली जाते, तिने वाचतो तो हुकूम देणारा. सैनिकाच्या वाट्याला झोप उडालेल्या रात्री येतात.

आणि हेही लिहायला हवं, मामांची भाची म्हणून लिहिताना हात जड होतो तरी. २१ ऑक्टोबर १९८७, दिवाळीचा दिवस. जाफन्याच्या सरकारी इस्पितळात आपली फौज शिरली. साठच्या वर माणसं मेली, त्यांत रुग्ण होते, डॉक्टर होते, परिचारिका होत्या. आतून वाघांनी गोळीबार केला, दोन्हीकडच्या माऱ्यात माणसं सापडली, असं आपल्याकडून सांगण्यात आलं. बचावलेल्या कर्मचाऱ्यांची साक्ष वेगळी आहे. खरं काय? मामांची पलटण तिथे नव्हती हे मला माहीत आहे, आणि तेवढ्यावर मला समाधान मानता येत नाही. चौकशी झाली असती तर एकतर सैन्यावरचा आळ तरी धुऊन निघाला असता, किंवा पाच-दहा दोषी वेगळे काढून बाकी हजारोंची मान ताठ राहिली असती. चौकशी न झाल्याने संशय सगळ्या पलटणींच्या वाट्याला आला आणि तो अजून तिथेच आहे. मनोधैर्याची चिंता असलेल्यांनी सांगावं, यांतलं सैनिकाच्या हिताचं कुठलं?

श्रीलंकेत या प्रश्नाचं उत्तर वारंवार लिहिलं गेलं आहे. डिसेंबर २००० मध्ये मिरुसुविल गावात आपली सोडलेली घरं पाहायला आलेल्या आठ तमिळांना सैनिकांनी गळे चिरून पुरलं, त्यांत पाच वर्षांचं एक मूल होतं. निकाल लागायला पंधरा वर्षं गेली. २०१५ साली एका स्टाफ सार्जंटला शिक्षा झाली, २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि मार्च २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी देऊन घरी पाठवलं. हजारो प्रकरणांतलं एक शेवटपर्यंत पोचलं होतं, तेही पुसून टाकलं. यातून बराकीतल्या प्रामाणिक शिपायाने काय शिकावं? त्याने हात आवरला होता त्या दिवसाची कुठेही नोंद नाही, आणि ज्याने आवरला नाही तो सुटून आला.

‘पण सिंहली माणसाला यात काय? त्याने का पर्वा करावी?’ माझ्या मते या वादातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तो कुणी विचारत नाही. १९८७ ते ८९ या काळात दक्षिणेत जनता विमुक्ती पेरामुना या डाव्या पक्षाचं बंड झालं. बंडखोर सिंहली, सरकार सिंहली. बंडखोरांनी निर्घृण खून पाडले आणि सरकारने ते बंड मोडताना हजारो सिंहली तरुण घरांतून उचलले. टायरांवर जाळलेली प्रेतं रस्त्याकडेला पडत, नद्यांतून वाहत येत. उत्तरेसाठी केलेले आणीबाणीचे नियम, प्रेताची चौकशी न करता विल्हेवाट लावण्याची मुभा, दहशतवादविरोधी कायदा, सगळं तयारच होतं. फक्त दिशा बदलली. सप्टेंबर १९९० मध्ये विरोधी पक्षाचा एक तरुण खासदार या बेपत्ता सिंहली मुलांचे फोटो आणि कागद संयुक्त राष्ट्रांपुढे मांडायला जिनिव्हाला निघाला, विमानतळावर पोलिसांनी त्याच्याकडून ते काढून घेतले. देशातल्या आयांचं गाऱ्हाणं जगापुढे नेणं हा आपला हक्क आहे, या भूमिकेवर तो उभा होता. त्याचं नाव महिंदा राजपक्षे. पुढे तोच राष्ट्राध्यक्ष झाला आणि जिनिव्हाला गाऱ्हाणं नेणारे देशाचे शत्रू ठरले.

८ जानेवारी २००९ ला कोलंबोत भर रस्त्यात संपादक लसंथा विक्रमतुंगे यांना मारलं, ते सिंहली होते. २००८-०९ मध्ये कोलंबो परिसरातल्या अकरा तरुणांना खंडणीसाठी पळवलं गेलं, आरोप नौदलातल्या लोकांवर आला. युद्धासाठी दिलेला अधिकार धंद्याला लागला तो असा. ऑगस्ट २०१३ मध्ये, युद्ध संपून चार वर्षं झाल्यावर, रतुपस्वल गावातले सिंहली गावकरी प्यायला स्वच्छ पाणी मागत रस्त्यावर आले. त्यांच्यावर सैन्याने गोळीबार केला आणि तिघे मेले. वन्नीत कुणी विचारलं नाही म्हणून गोळी रतुपस्वलला आली, असं गणित मांडणं फार सरळसोट होईल, मान्य. पण ज्या यंत्रणेला एकदा कळलं की जाब कुणी विचारत नाही, तिला समोरच्याची भाषा पाहून थांबायचं कारण काय राहतं?

शेजारच्या नेपाळचं उदाहरण तर हरलेला-जिंकलेला या हिशेबाच्याही पलीकडचं आहे. तिथे १९९६ ते २००६ अशी दहा वर्षं माओवादी आणि सरकार लढले आणि शेवटी समझोता झाला. नोव्हेंबर २००६ च्या करारात दोघांनी लिहून दिलं की बेपत्ता माणसांची नावं साठ दिवसांत जाहीर करू. आयोग नेमायलाच २०१५ उजाडलं. सत्यशोधन आयोगाकडे साठ हजारांवर तक्रारी आल्या. पण कालचे बंडखोर आणि कालचे राज्यकर्ते आता मिळून सत्तेत होते, आणि एका बाबतीत दोघांचं पूर्ण एकमत होतं: कपाट उघडायचं नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सरसकट माफी नाकारली, हे त्या न्यायालयाचं मोठेपण.

‘विसरूनही देश पुढे गेलेत की,’ असं म्हणणारे स्पेनचं नाव घेतात. घ्यावं. तिथल्या यादवीत जिंकलेल्या हुकूमशहा फ्रँकोच्या मृत्यूनंतर १९७७ मध्ये सर्वांना माफी देणारा कायदा झाला आणि लोकशाही आली, ती टिकली. हे खरं आहे आणि माझ्या बाजूला अडचणीचं आहे. पण विस्मरण टिकलं का? २००० साली एका नातवाने १९३६ मध्ये मारून पुरलेल्या आजोबांची कबर खणून काढली आणि मग देशभर खड्डे उघडत गेले. चौसष्ट वर्षं. तोवर साक्षीदार मेले होते, म्हणून न्याय मिळाला नाही, हाडं मात्र मिळाली. उलट बाजूला सिएरा लिओन पाहा. तिथल्या विशेष न्यायालयाने बंडखोरांना तर उभं केलंच, पण सरकारच्या बाजूने लढलेल्या आणि लोकांना तारणहार वाटणाऱ्या सॅम हिंगा नॉर्मन यांनाही २००३ मध्ये, ते मंत्रिपदावर असतानाच, आरोपी केलं. ते निकालाआधी वारले. देश पेटेल असं भाकीत झालं होतं. तो पेटला नाही, आणि २००७ मध्ये निवडणूक होऊन सत्ता शांतपणे बदलली. वर्णभेदी राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेने माफी दिली, पण फुकट दिली नाही: जाहीरपणे सगळं सांग, मग अर्ज कर. सात हजारांवर अर्ज आले, माफी मिळाली ८४९ जणांना. ज्यांना नाकारली त्यांच्यावर पुढे खटले भरायचे होते, ते फारसे भरलेच नाहीत, आणि तिथल्या पीडितांची तक्रार आज नेमकी त्याच गोष्टीची आहे.

पाश्चात्त्यांचा दुटप्पीपणा? आहेच. इराकमधल्या स्वतःच्या कृत्यांवर गप्प बसणारे जिनिव्हात ठराव मांडतात. आपलंही काही वेगळं नाही: युद्ध संपताच मे २००९ मध्ये भारताने श्रीलंका सरकारच्या सोयीच्या ठरावाला मत दिलं, २०१२ आणि २०१३ मध्ये त्या सरकारच्या विरोधात दिलं, २०१४ मध्ये तटस्थ राहिला. पण चोराने चोरीची वर्दी दिली म्हणून चोरी झालीच नाही असं ठरतं का? आणि परक्यांनी नाक खुपसू नये हा आग्रह धरणाऱ्यांना एक आठवण: २००७ मध्ये श्रीलंकेच्याच सरकारने आपल्या आयोगावर देखरेखीसाठी परदेशी मान्यवरांचा गट बोलावला. त्याचे अध्यक्ष होते भारताचे माजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती. सरकार पुरेसं सहकार्य करत नाही, तपास आंतरराष्ट्रीय निकषांना उतरत नाही, असं सांगून तो गट २००८ मध्ये बाहेर पडला. बाहेरच्यांनी घरच्यांना पुरेशी संधी दिली होती.

आता त्या मागच्या बाकावरच्या तरुणाकडे येते. त्याच्यावर मी रागावले नाही. १९५६ हे साल त्याच्या डोक्यात आहे. त्या जूनमध्ये श्रीलंकेत ‘सिंहली हीच राजभाषा’ कायदा झाला आणि त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. त्याआधी १७ जानेवारीला इथे मराठी आंदोलकांवर गोळीबार झाला. आपण दर १७ जानेवारीला हुतात्मा चौकात जातो, १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांसाठी १ जूनला हिंडलग्याला जातो. कुणी आपल्याला म्हणालं, ‘सत्तर वर्षं झाली, विसरा की’, तर आपल्याला कसं वाटतं? मग किलिनोच्चीच्या आईला तेच सांगायला आपली जीभ कशी रेटते? इथवर मी त्याच्याबरोबर आहे. पण आपल्या दुःखाची आणि वन्नीची बरोबरी करू नये. सरकारी फलकावरची भाषा आणि इस्पितळावरचा तोफगोळा यांत फार मोठं अंतर आहे, आणि ते मिटवलं की दोन्ही दुःखांचा अपमान होतो. शिवाय ज्याला तमिळांच्या प्रेतांत फक्त स्वतःचं गाऱ्हाणं दिसतं, त्याला काट्टनकुडीच्या मशिदी दिसणार नाहीत.

आणि आपलं स्वतःचं कपाट? हैदराबाद संस्थानात रझाकारांनी लोकांना छळलं, बीदर जिल्ह्यातलं गोरटा गाव त्याची साक्ष आहे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने त्यांचा निकाल लागला. लातूरचा वकील कासिम रझवी पकडला गेला, खटला चालला, तुरुंगात गेला. योग्यच झालं. पण कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा इथल्या खेड्यांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या. नेहरूंनीच पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिने सावध अंदाजाने सत्तावीस ते चाळीस हजार मृत्यू सांगितले, काही ठिकाणी सैन्य-पोलिसांतल्या लोकांचा लुटीत हात असल्याचं लिहिलं, आणि मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंबद्दलही लिहिलं. हरलेल्यांच्या म्होरक्याचा खटला सगळ्यांना ठाऊक आहे. हा अहवाल मात्र साठ-पासष्ट वर्षं सर्वसामान्यांच्या हाती पडला नाही. तो दडपल्याने ज्यांनी शेजाऱ्याला माळ्यावर लपवून वाचवलं त्या मराठी, कानडी, तेलुगू माणसांची साक्षही कपाटातच राहिली. आपण १७ सप्टेंबरला झेंडा लावतो, लावायलाच हवा. त्या दिवशी या पानांचं वाचन का होऊ नये?

श्रीलंकेत सप्टेंबर २०२४ मध्ये अनुरा कुमारा दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले. ते त्याच जनता विमुक्ती पेरामुनाचे, ज्यांची मुलं १९८९ मध्ये उचलली गेली. कपाटाची किल्ली आज अशा पक्षाच्या हातात आहे ज्याचे स्वतःचे लोक त्या कागदांत आहेत. ते ती फिरवतील का, मला शंका आहे, कारण सैन्याला दुखवायची भीती त्यांनाही आहे. पण चेम्मणीचं खोदकाम थांबवलं गेलं नाही, हेही खरं.

त्या व्याख्यानाहून घरी आल्यावर मी मामांना फोन केला. ते आता ऐंशीच्या घरात आहेत, नंदगडला असतात. दप्तराचं सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, ‘दप्तरावर नाव होतं काय गं पोराचं?’ ते मला सांगता आलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने चेम्मणीत निघालेल्या वस्तू लोकांना ओळख पटवण्यासाठी मांडून ठेवल्या होत्या: कपडे, चपला, बांगड्या, ते दप्तर. उत्तरेतून बायका आल्या, रांगेने पुढे सरकत एकेक वस्तू निरखत राहिल्या.